दंडावरची बोटं

मागच्या वर्षी मीरा रोडच्या एका शाळेच्या सभागृहात आम्हा काही जणांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. त्यात माझी अकरा चित्रं होती. प्रत्येकात एकच हात, मनगटापाशी संपणारा, आणि त्याच हाताच्या दंडावर, कोपराच्या जरा वर, पाच बोटं. कुठे अंगठा आतल्या अंगाला, कुठे करंगळी पार मागे. एक निवृत्त गृहस्थ बराच वेळ त्यांच्यासमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, "हातात कला आहे बरं का तुमच्या. पण बोटं चुकीच्या जागी आलीयेत. शरीरशास्त्राचं एखादं पुस्तक बघत जा."

मी मान हलवली आणि थँक्यू म्हटलं. ते चहाच्या टेबलाकडे गेल्यावर मला उत्तर सुचलं. बोटं मी माझ्या मनाने काढलेली नाहीत. ज्यांचे ते हात आहेत, त्यांनी सांगितलं तिथेच काढली आहेत.

समोरासमोर मला शब्द नेहमीच उशिरा सुचतात, म्हणून संपादिकाबाईंनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा बरं वाटलं. कागदावर कोणी मधे बोलत नाही.

मी कृत्रिम हातांना कातडीचा रंग देते. २००३ साली चित्रकलेची पदविका घेऊन पेणकरपाड्यातल्या आमच्या घरी बसले होते. आई म्हणायची, ड्रॉइंगच्या शिकवण्या घे. वीस मुलांसमोर उभं राहायचं म्हटलं की मी विषय बदलायची. वडिलांच्या ओळखीचे रेगे सर कृत्रिम हातपाय बनवायचे, भाईंदर पूर्वेला त्यांचा गाळा होता. त्यांना रंगाची नजर असलेलं कोणीतरी हवं होतं. मुलाखतीत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: "माझा हात कुठल्या रंगाचा आहे?" मी बराच वेळ बघून म्हटलं, "कुठल्या भागाचा?" सरांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

आमच्या गाळ्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. प्रेसखाली बोटं जाणं ही इकडची जुनी गोष्ट आहे, त्यामुळे आमच्याकडे येणारे बरेच जण त्याच गल्लीतले. सर त्यांना पेशंटही म्हणू द्यायचे नाहीत आणि गिऱ्हाईकही नाही. पाहुणे म्हणायचे. "पाहुणे आलेत, खिडकी पूस," असं ऐकलं की मी रंग काढायला घ्यायची.

खिडकी पुसायची कारण रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला हात बाहेर उन्हात गेला की मेल्यासारखा दिसतो. हे काम बाहेरच्यांना वाटतं त्यापेक्षा उलटं असतं, अगदी शब्दशः. आधी पाहुण्याच्या दुसऱ्या हाताकडे बघून मेणाचा हात घडवायचा, त्याचा साचा करायचा, आणि मग साच्याच्या आतून सिलिकॉन रंगवत जायचं. म्हणजे जे सगळ्यात वर दिसणार ते सगळ्यात आधी. आधी तीळ आणि डाग, मग उन्हाने रापलेला थर, मग निळसर शिरा, आणि शेवटी आतलं मांस. चूक झाली तर ती साचा उघडल्यावरच कळते.

मेणाचं काम इब्राहिमभाईंचं. ते नया नगरचे. पूर्वी प्लास्टिकच्या बाहुल्यांचे साचे करायचे. बाहुल्या सोडून इकडे का आलात, असं एकदा सरांनी विचारलं तर म्हणाले, "गुड़िया का हाथ आसान है साहब. सब गुड़ियों का एक ही होता है."

माणसांचं तसं नाही, हे मी पहिल्या सहा महिन्यांत शिकले. प्रेसवरच्या एका कामगाराला दोन बोटं हवी होती. बोटं झाली, बसली, त्याने खुशीत हात उलटसुलट करून पाहिला, आणि मग हळूच विचारलं की बाकीच्या बोटांवर केस आहेत, यांच्यावर का नाहीत. दोन दिवस मी सुईने एकेक केस रोवत बसले. केस त्याच्याच हाताचे, त्यानेच उपटून दिले. माझ्याच वयाची एक मुलगी तर्जनीसाठी आली होती. तिच्यासाठी मी सुंदर नख केलं, गुलाबी, कडेला चंद्रकोर. तिने बोट घातलं आणि म्हणाली, "छान आहे, पण हे माझं नाही." मग तिच्या दुसऱ्या हाताकडे नीट पाहिलं. सगळी नखं दातांनी कुरतडलेली. पुढच्या वेळी मी कुरतडलेलं नख करून दिलं. ती हसली, आणि जाताना तिने चक्क ते बोट तोंडात घातलं. काहींचं जमलं नाही. एक काका हात घेऊन गेले तो फक्त फोटो काढताना घालायचे, इतर वेळी कपाटात. त्यांचा हात मी ट्यूबलाइटखाली जुळवला होता. तेव्हा मी नवीन होते, आणि पाऊस होता, आणि खिडकीत उजेड नाही हे सरांना सांगायचं मला धाडस झालं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

हिरामावशी आल्या त्या माझ्या दुसऱ्या वर्षी. खारी गावच्या, पन्नाशीच्या पुढच्या, उंच, आवाज असा की शेजारच्या प्रेसच्या वर ऐकू येईल. मावशी धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते आणि गात गातच एकेक विधी लावते. नवरीला पहिली हळद तिच्या हाताची. मावशींनी तीस वर्षं अर्ध्या गावाची लग्नं अशी लावली होती.

मग खाडीवरून आणलेली मासळी साफ करताना उजव्या हातात शिंगाळ्याचा काटा गेला. अंगात साखर होती, जखम चिघळली, आणि हात मनगटावरून काढावा लागला. "एवरासा काटा," मावशी चिमटीने दाखवायच्या, डाव्या हाताच्या. त्यानंतर गावात झालेल्या दोन लग्नांना उत्तनवरून दुसरी धवलारीण आणली गेली. मावशींना मांडवात खुर्ची दिली आणि जेवायला वाढलं. आता त्यांच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं, संगीताचं लग्न ठरलं होतं. संगीता म्हणत होती की आत्याच पाहिजे. संगीताची थोरली काकू, जिला सगळे वहिनी म्हणत, ती म्हणत होती की अर्ध्या हाताची हळद पोरीला नको. या लग्नातही मावशी खुर्चीवर बसल्या तर पुन्हा कोणी त्यांना बोलावणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं.

"मना हलद लावाला हात पायजे," त्या म्हणाल्या. "दुसरं काय काम न्हाय त्याचं."

आम्ही तिघांनी हे ऐकलं. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात पुढचा विचार आला नाही. तो नंतर येतोच.

मावशींची बोली मला सुरुवातीला निम्मी कळायची. माझी शाळा इंग्रजी, घरचं मराठी गिरगावातून आलेलं. त्या बोलायच्या, मी मान डोलवायची आणि त्यांच्या हाताकडे बघायची. हात मात्र पूर्ण कळत होता. डाव्या हाताच्या पाठीवर गोंदण होतं, तीन ठिपके आणि खाली एक. तसंच उजव्यावर पण होतं, तेवढं विसरू नको, असं त्यांनी तीनदा बजावलं.

एके दिवशी खिडकीत बसून मी त्यांच्या उजव्या कोपराखालचा रंग जुळवत होते. बारीक ब्रश धरताना हात हलू नये म्हणून मी माझी करंगळी त्यांच्या दंडावर टेकवली. मावशी एकदम हसल्या. "माझे बोटाला कोन गुदगुल्या करतंय?"

मी हात मागे घेतला. त्यांच्या डाव्या हातापाशी कोणीच नव्हतं.

"डाव्या न्हाय गं. जो गेला त्याच्या. करंगलीला."

सर उठून आले. त्यांनी अशा गोष्टींबद्दल वाचलं होतं. परदेशातल्या संशोधकांचे लेख ते झेरॉक्स करून आणायचे आणि डब्याच्या सुट्टीत आम्हाला सोपे करून सांगायचे. मेंदूत शरीराच्या प्रत्येक भागाची एक जागा असते. हात गेला तरी मेंदूतली त्याची खोली रिकामी राहत नाही, शेजारचे तिथे पाय पसरतात. हाताचे शेजारी म्हणजे दंड आणि चेहरा. मग कोणी दंडाला हात लावला की मेंदूला वाटतं, बोटाला लावला. "वाचलं होतं," सर म्हणाले, "पण माझ्यासमोर कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी कापसाची वळी केली आणि माझ्या हातात दिली. माझा हात हलका आहे म्हणून.

मावशींनी डोळे मिटले. मी कापूस दंडावरून फिरवत गेले आणि त्या सांगत गेल्या. ह्यो आंगठा. ह्यो न्हाय, ह्यो नुसता दंड. हां, ह्यो आंगठ्याच्या बाजूचा. प्रत्येक जागेवर मी पेनाने रेघ काढली. चहा येईपर्यंत दंडावर पाच बोटं उमटली होती, थोडी वाकडी, थोडी एकमेकांवर चढलेली, पण पाच. इब्राहिमभाईंनी आरसा धरला. मावशींनी डाव्या हाताने एकेक बोट मोजलं.

"मी रडतंय हात गेला म्हनून," त्या म्हणाल्या, "आनि ह्यो हितं येऊन बसलाय."

त्या रेघा त्यांनी दोन दिवस धुतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्या ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतल्या. प्रदर्शनातलं पहिलं चित्र ते. त्यानंतर जो पाहुणा तयार होईल त्याच्या दंडाचा नकाशा मी काढत गेले. काहींच्या दंडावर काहीच सापडत नाही. एका पोस्टमनकाकांची तर्जनी गालावर सापडली. दाढी करताना बोटाला साबण लागतो, असं ते वर्षभर घरी सांगत होते आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

मावशींचा हात महिन्याभरात झाला. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम. मिठागरात आणि भातशेतीत रापलेला रंग, बोटांच्या पेरांवर काळसर घड्या, चार ठिपके. बोटांत तारा होत्या, हवी तशी वाकवून ठेवता यायची. मावशींनी तो चढवला, पदर डोक्यावर घेतला आणि गाळाभर चालून दाखवलं. मी त्यांना काळजी कशी घ्यायची त्याचा कागद दिला. शाई लागू देऊ नका, वर्तमानपत्र ओलं असताना धरू नका, जेवताना आणि आंघोळीला काढून ठेवा. हा कागद मीच परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकावरून मराठीत केला होता, ओळ न् ओळ.

हळदीला तीन दिवस उरले असताना माझ्या डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा एक तुकडा टेबलावर पडला, सिलिकॉनच्या नमुन्याच्या चौकोनावर. मी पुसला. पिवळा डाग राहिला. साबण लावला, स्पिरिट लावलं, इब्राहिमभाईंनी रॉकेलसुद्धा लावून पाहिलं. डाग जागचा हलला नाही. आमचे सगळे पाहुणे जेवताना हात काढून ठेवायचे, म्हणून आजवर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांच्या देशात हळद नसावी. पण ते मराठीत करणारी मी होते, आणि माझ्या घरी रोज हळद असते.

सर म्हणाले, फोन करून सांग. मावशींकडे फोन नव्हता. सर म्हणाले, मग जाऊन सांग. मी म्हटलं, तुम्हीच जा ना. "मी सांगितलं तर ते दुकानदाराने सांगितल्यासारखं होईल," ते म्हणाले. "हात तू केलायस."

खारीला पोहोचले तेव्हा ओटीवर सात-आठ बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. मावशी मधोमध, हात घालून. मी म्हटलं, मावशी, जरा बाजूला येता का. मावशींनी जागचं न हलता सांगितलं की ह्या सगल्या घरच्याच हायत, हितंच बोल. बायकांचे हात थांबले. इतक्या लोकांसमोर मी शाळेतही कधी बोलले नव्हते. मी सांगितलं: या हाताला हळद लागली तर ती कधीच निघणार नाही, हात कायमचा पिवळा राहील, आणि हे मला आधी कळायला हवं होतं, चूक माझी आहे.

मावशींनी विचार केला. "गलून परंल का?"

"नाही."

"पोरीचे तोंडाला ह्याचा रंग लागंल?"

"नाही."

"मंग कशाला उन्हाचं आलीस? पिवला तर पिवला. हलदीचा हात पिवला न्हाय व्हनार तर काय हिरवा व्हनार?"

बायका हसल्या. मीही हसले, सुटल्यासारखी. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. जाडजूड, नाकात मोठी नथ असलेल्या बाई. याच वहिनी.

"रंगाचं सोरा," त्या म्हणाल्या. "त्या हाताला काय कलतंय का? पोरीचे गालाला लागला का भिंतीला, कायतरी कलतंय? रबराच्या हातानंच लावाची तर आमटीची पली घ्या ना घरातली. ती पन लावंल."

कोणी हसलं नाही. मावशी मांडीवरच्या त्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मीही. त्यात मी सगळं घातलं होतं, डाग, शिरा, ठिपके. वहिनी म्हणत होत्या ते तेवढं घातलं नव्हतं. ते घालता येत नाही.

मग मावशींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू हलदीला येशील? माझे बाजूला बसशील?"

कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा डावा हात नकळत उजव्या दंडावर गेला होता, पदराखाली. मी हो म्हटलं.

हळदीच्या दिवशी चार वाजताच गेले. मांडव माणसांनी भरला होता. जो तो विचारत होता, ही कोन? मावशी प्रत्येकाला सांगत होत्या, "माझा हात केलाय हिनं." मी कधी नव्हे ते साडी नेसले होते आणि निऱ्या सुटतील या भीतीने कोणाकडे बघत नव्हते. संगीताला पाटावर बसवलं. मावशी तिच्यासमोर बसल्या आणि मला उजव्या बाजूला ओढून बसवलं, अगदी खेटून. माझा हात धरून त्यांनी पदराखाली आपल्या दंडावर ठेवला. अंगठा कुठे, बाकीची चार कुठे, ते मला पाठ होतं. कानाशी हळू म्हणाल्या, "मी लावंन तवा दाब. मी सोरीन तवा सोर."

त्यांनी धवला सुरू केला. मागे बायकांनी उचलला. वाटीत हळद, तेलात कालवलेली. मावशींनी माझा महिन्याभराचा रंग त्या वाटीत बुडवला, पेरांपर्यंत, ठिपक्यांपर्यंत. मला एकदा कसंतरी झालं आणि मग झालं नाही.

बोटं संगीताच्या कपाळाला लागली. मी दंडावर दाबलं. मावशींचा सूर क्षणभर हलला आणि परत लागला. कपाळावरून नाकाकडे, मी दोन बोटं खाली सरकवली. हनुवटी, मी अंगठा टेकवला. गाण्याची लय असल्यामुळे ते जमत गेलं. त्या कधी सोडणार ते मला सुरावरून कळायला लागलं. मावशी खाली वाटीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे तर नाहीच. त्या फक्त पोरीच्या तोंडाकडे आणि त्यावरून फिरणाऱ्या पिवळ्या हाताकडे बघत होत्या. संगीताने डोळे मिटले होते.

शेवटी मावशींनी पूर्ण पंजा संगीताच्या गालावर ठेवला. मी माझा पूर्ण तळवा त्यांच्या दंडावर ठेवला. इतक्या माणसांत बसून माझा तळवा कधीचा तापला होता, घामाने ओला झाला होता.

धवला मधेच थांबला. मागच्या बायकाही थांबल्या. मावशींनी गालावरचा हात काढला नाही.

"पोरीचा गाल तापलाय गं," त्या म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सकालपासून पान्याचा घोट तरी दिलाव का कोनी तिला?"

मांडवात कुजबुज झाली. वहिनी पुढे आल्या. त्या वाकल्या, संगीताच्या दुसऱ्या गालाला त्यांनी हाताची उलटी बाजू लावली आणि थोडा वेळ तशाच राहिल्या. मग मावशींच्या हाताकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "तापलाय खरा." आणि स्वतः पाणी आणायला गेल्या.

मावशींनी राहिलेला धवला उचलला. त्यांच्या दंडावरचा माझा तळवा मी तसाच ठेवला.